गुंगेरियाचं तांबं कुणाचं?

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला तांब्याचा एक तुकडा दिसला. तिथं खणल्यावर जे निघालं, त्यानं भारतातल्या पुरातत्त्वाला कायमचं एक कोडं घातलं. तांब्याच्या ४२४ वस्तू, वजन ८२९ पौंड, म्हणजे आजच्या हिशेबानं जवळजवळ पावणेचार क्विंटल. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही चकतीसारखे गोल, काही शिंगवाल्या बैलाच्या तोंडासारखे कापलेले. तांब्यात चपट्या कुऱ्हाडी होत्या आणि हातभरापेक्षा लांब अशा पहारीसारख्या वस्तू. भारतात एका जागी सापडलेला तांब्याचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. त्याची वाटणी झाली. काही वस्तू थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपूरच्या अजब बंगल्यात राहिल्या.

हाड मात्र एकही नाही. ना घर, ना चूल, ना मडक्यांचा थर. कुणीतरी ऐवज पुरला आणि परत आलाच नाही, एवढंच म्हणता येतं.

याच जिल्ह्याच्या दक्षिणेला लांजी आहे. गोंदियाकडून येणाऱ्याला भाषेची सीमा कुठं ओलांडली ते कळत नाही. बाजारात हिंदी, मराठी, पोवारी आणि आसपासच्या गावांतून येणारी गोंडी सगळ्या एकाच वेळी ऐकू येतात. पडक्या तटबंदीचा किल्ला आणि लांजकाईचं देऊळ ही गावाची ओळख. पण नाव त्याहून जुनं. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांत ‘लंजिका’ आहे, वैरागढचं ‘वैरागर’ आहे आणि ‘भाणार’, म्हणजे आजचं भंडारा. वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख संपादित केले, तेव्हा हा सगळा पट्टा नकाशावर नीट बसला. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीची लांजी कागदोपत्री पक्की. त्याच्या मागं गेलं की कागद संपतात आणि तांबं उरतं.

आता ते तांबं कुणाचं? या प्रश्नाला विसाव्या शतकात तीन मोठी उत्तरं मिळाली. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरांचा आधार त्याच त्या वस्तू होत्या. गंगेच्या खोऱ्यात असेच ताम्रनिधी सापडत होते. तिथं मात्र काटेरी भाले, दोन शिंगांच्या मुठीच्या तलवारी आणि माणसाच्या आकाराच्या विचित्र प्रतिमाही निघाल्या. गुंगेरियात त्या नाहीत. रॉबर्ट हाइने-गेल्डर्न या ऑस्ट्रियन पंडितानं १९३६ साली सांगितलं, हे पश्चिमेकडून आलेल्या आर्यांचं काम. स्टुअर्ट पिगट म्हणाले, हडप्पाची शहरं मोडल्यावर पूर्वेकडं पांगलेल्या निर्वासितांचं. १९५१ मध्ये ब्रज बासी लाल यांनी दोन्ही मतं बाजूला सारून मुंडा भाषा बोलणाऱ्या आदिवासींच्या पूर्वजांकडं बोट दाखवलं. एक कुऱ्हाड आणि तीन स्थलांतरं!

पिगट यांचं नाव इथं सहज आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ते दिल्लीत होते, लष्करासाठी विमानातून काढलेली छायाचित्रं वाचायचं काम करत. फावल्या वेळात त्यांनी भारताच्या प्रागितिहासावर लिहिलं. पण ते मुळात ब्रिटनच्या अश्मयुगाचे अभ्यासक. युद्धानंतर त्यांनी वेस्ट केनेटच्या दगडी थडग्याचं उत्खनन केलं. पश्चिम युरोपातही त्यांच्या पिढीला नेमका हाच प्रश्न छळत होता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी स्पेनपासून स्कॉटलंडपर्यंत उलट्या घंटेच्या आकाराचे मातीचे पेले एकाएकी दिसू लागतात, बहुधा थडग्यांत, बाणांची टोकं आणि तांब्याच्या सुऱ्यांसोबत. जुनी पिढी म्हणायची, पेले घेऊन लोक आले. १९६०-७० नंतरच्या पिढीनं त्यांना टोकलं : भांडी फिरतात म्हणून माणसंही फिरली असं कशावरून? फॅशन पसरते, माल पसरतो, माणूस घरीच असतो. हा वाद पुढं कित्येक दशकं चालला आणि कुणीच हरलं नाही.

२०१८ मध्ये इन्यिगो ओलाल्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात ४०० प्राचीन युरोपीय माणसांच्या डीएनएचा अभ्यास छापला. त्याचं उत्तर मला आजही विलक्षण वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं बरोबर ठरवतं. स्पेन-पोर्तुगाल आणि मध्य युरोप यांच्यामध्ये पेल्यांची रीत पसरली, पण माणसांची फारशी ये-जा दिसत नाही. ब्रिटनमध्ये मात्र उलट झालं. तिथं पेल्यांबरोबर माणसं आली आणि काही शतकांत बेटावरच्या लोकांचा जवळजवळ नव्वद टक्के आनुवंशिक वारसा बदलला. ज्यांच्या पूर्वजांनी स्टोनहेंजचे प्रचंड दगड उभे केले, त्यांचं रक्त पुढच्या पिढ्यांत अगदी थोडं उरलं. पेला एकच, पण एकीकडं तो नुसती रीत म्हणून गेला आणि दुसरीकडं माणसांच्या हातातून.

हे कळायला कानाच्या आतल्या भागाला वेढणारं, कवटीच्या बुडाचं एक कठीण हाड कामी आलं. सगळ्या सांगाड्यात डीएनए सर्वांत चांगला तिथं टिकतो, हे गेल्या दशकात लक्षात आलं आणि प्राचीन डीएनएची अक्षरशः खाण सापडली. पण ही खाण थंड देशांची. उष्णता आणि ओल या डीएनएच्या वैरिणी, आणि आपल्याकडं दोन्ही मुबलक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतले ६१ नमुने तपासले गेले. वाचता येण्याजोगा डीएनए निघाला तो फक्त एका स्त्रीचा. २०१९ साली ‘सेल’ नियतकालिकात छापलेल्या अभ्यासानंतर त्या एका स्त्रीवर सिंधू संस्कृतीच्या आनुवंशिकतेची केवढी मोठी चर्चा उभी राहिली! तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. त्यावरून वर्तमानपत्रांनी जे मथळे दिले, ते तिच्या हाडांपेक्षा मथळे देणाऱ्यांबद्दल जास्त सांगतात.

गुंगेरियात तर हाडच नाही. मग आसरा जिवंत माणसांचा.

लांजीच्या परिसरातले जुने रहिवासी म्हणजे गोंड. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा, तेलुगू-कन्नडची नातेवाईक. तेव्हा गोंडही दक्षिणेतून वर आले असावेत, हा अंदाज कित्येक ग्रंथांतून निमूट चालत आला. ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या भागांतल्या चार गोंड समूहांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की रक्तानं गोंड आपल्या भाषाबंधूंपेक्षा मुंडा समूहांच्या जास्त जवळचे आहेत. भाषा एका घरची, रक्त दुसऱ्या घरचं. युरोपातल्या पेल्यासारखंच, इथं भाषा कुठल्या तरी टप्प्यावर माणसांना मागं ठेवून पुढं गेली, किंवा माणसांनी नवी भाषा उचलली. कोरकू आणि गोंड शेजारी-शेजारी राहतात, एक मुंडा भाषा बोलतो, दुसरा द्राविडी. तरी त्यांचं नातं भाषेच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

हे वाचून लालांचं मुंडा-मत खरं ठरलं असा आनंद करून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. आज मध्य भारतात मुंडांशी नातं सांगणारे लोक आहेत, यावरून चार हजार वर्षांपूर्वी तांबं कुणी पुरलं ते ठरत नाही. पोवारांचंच उदाहरण घ्या. वैनगंगेच्या खोऱ्यात तळी बांधून धानाची शेती करणारा हा समाज आपलं मूळ माळव्यातल्या धारला आणि राजा भोजाला जोडतो; धारहून रामटेकजवळच्या नगरधनला, तिथून इकडं, असा प्रवास घराघरांत सांगितला जातो. समजा गुंगेरियाजवळ उद्या एखाद्या पोवार शेतकऱ्याला नांगर हाकताना आणखी तांबं मिळालं, तर ते धारचं होत नाही.

हाडं हवी असतील तर नैर्ऋत्येला नागपूरकडं वळावं लागेल. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली दगडी वर्तुळं ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसांचे सांगाडे मिळाले, घोडे मिळाले आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साजही. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. हे लोक गुंगेरियाच्या बरेच नंतरचे. पण पूर्व विदर्भात मृतांना जपून पुरण्याची रीत त्यांनी पाळली, म्हणून त्यांच्याशी निदान बोलण्याची शक्यता उरली.

तांबं कुठलं, हा प्रश्न त्यामानानं सोपा. बालाघाट जिल्ह्यातच मलांजखंडला तांब्याचं मोठं खनिज आहे; हिंदुस्थान कॉपरची खाण तिथं १९८२ पासून चालू आहे. तांब्यातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीच्या दगडाशी ताडून पाहण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि त्यासाठी वस्तूचा कणभर चुरा पुरतो. चांदीची गोष्ट वेगळी. ती इतक्या मोठ्या प्रमाणात बहुधा दुरूनच आली असणार, म्हणजे पुरणाऱ्याचे लागेबांधे जिल्ह्याबाहेर होते.

पण ‘कुणाचं’ या शब्दातच मला आता अडचण दिसते. प्रिया मूरजानी, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली भारतीय उपखंडातल्या ७३ समूहांच्या डीएनएवरून एक कालखंड काढला : सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले समूह एकमेकांत मोकळेपणानं मिसळत होते, लग्नं जातीच्या कुंपणात अडकली ती त्यानंतर. गुंगेरियाचा साठा अभ्यासक साधारण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात ठेवतात, म्हणजे त्या सरमिसळीच्या ऐन मध्यात. तो पुरणाऱ्या माणसाचा बाप एका वस्तीतला, आई दुसऱ्या वस्तीतली, आणि बोली कदाचित तिसऱ्याच बाजाराची असेल. आर्य, हडप्पी आणि मुंडा यांतलं एक नाव निवडायला तो आपल्याइतका उत्सुक असता का, याची मला शंका आहे.