ओटीत घातलेले मूल

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला जालना-भोकरदन परिसरातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्या गर्दीत सख्ख्या काकूला ‘आई’ म्हणणारे एखादे लेकरूही असते. थोरल्या जावेची कूस उजवली नाही, म्हणून धाकटीने आपले मूल तिच्या ओटीत घातलेले असते. कागद नाही, साक्षीदार नाही; घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द हाच दस्तऐवज.

ही रीत जुनी आहे. चीनमध्येही निपुत्रिक भावाला पुतण्या देण्याची प्रथा होती. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. राजघराण्यातील दत्तकाची नोंद राहिली. सामान्य घरांतील दत्तक केवळ आठवणीत उरले.

ती आठवण पुसली की पहिली अडचण दवाखान्यात येते. ‘आईला मधुमेह होता का? मामांना हृदयविकार?’ या प्रश्नांना असा मुलगा अजाणता दुसऱ्याच आजोळचा इतिहास सांगतो. विवाहाच्या वेळी तर अधिक सावधगिरी हवी. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. पण जन्मदात्या आईचे माहेर ठाऊकच नसेल, तर रक्ताचे नाते नकळत जुळू शकते. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

दुसरी अडचण वार्धक्यात येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार दत्तक आई-वडीलही अपत्याकडे निर्वाह मागू शकतात. मात्र दत्तक सिद्ध व्हावे लागते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तहोम आवश्यक मानलेला नाही. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आवश्यक आहे. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा नोंदणीकृत दत्तकलेख असल्यास न्यायालय दत्तक वैध धरून चालते. मूल सामान्यतः १५ वर्षांखालील असावे लागते.

सत्य सांगितल्याने माया आटेल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु तेच सत्य भाऊबंदांच्या भांडणात परक्या तोंडून कळले, तर घाव खोल जातो. लहानपणीच, सोप्या शब्दांत, दोन्ही आयांचा मान राखून ते सांगावे.

आजी-आजोबांनो, हे मूल कोणाच्या पोटचे, हे कदाचित आता तुम्हालाच ठाऊक असेल. जन्मदात्या घरातील आजारांची नोंद एका वहीत करून ठेवा. तीही लेकराला दिलेली ठेवच होय.