हेरल्डचा पंप: यांत्रिक की विजेचा?
मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने 1961 पासून बनवलेल्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारीत पेट्रोलचा यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, फिरताना पंपाची तरफ दाबतो आणि आतला लवचिक पडदा वरखाली होऊन मागच्या टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरकडे ओढतो. चेन्नईच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांवर गेल्यावर, हीच रचना नडते, कारण ओढीमुळे दाब घटलेल्या आणि इंजिनालगत तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते व गाडी सिग्नलवरच बंद पडते. टाकीजवळचा विजेचा पंप पेट्रोल ढकलत असल्याने नळीतला दाब वाढतो आणि वाफ होण्याची शक्यता बरीच घटते. मात्र अशा कार्बोरेटरला दर चौरस इंचाला साधारण 2-3 पौंडांहून अधिक दाब सोसत नाही, शिवाय अपघातानंतरही चालू राहिलेला पंप आग लावू शकतो, म्हणून दाबनियंत्रक आणि धक्का बसताच वीज तोडणारा स्विच हवाच. जुना रबरी पडदा इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खराब होतो, आणि फाटल्यास पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. तरीही इथेनॉल सोसणारा नवा पडदा घालून व नळी उष्णतेपासून दूर वळवून मूळ पंपच आधी वापरून पाहणे अधिक योग्य, कारण अशा मोटारीचे मोल तिच्या अस्सलपणातच आहे.