पिशवीवर एकाच रुग्णाचं नाव

मराठवाड्यात कुणाला कर्करोग झाला की घरात पहिला प्रश्न निघतो : इथंच दाखवायचं की मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यायचं? छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्यापासून जालना, बीड, परभणीकडच्या अनेकांचं उत्तर 'इथंच' असतं. काही उपचारांसाठी मात्र अजूनही रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडावी लागते. त्यातला एक उपचार असा, की त्याचं औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते रुग्णाच्याच रक्तातून, त्याच्या एकट्यासाठी तयार होतं.

त्याचं नाव कार-टी.

आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरातली घातक पेशी हेरून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र शरीराचीच असल्यामुळे अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटते. म्हणून आधी अफेरेसिस यंत्रातून रुग्णाचं रक्त फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात. प्रयोगशाळेत टी पेशींना चेतवलं जातं. मग रोग पसरवण्याची क्षमता काढून घेतलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर 'कार' नावाचा ग्राहक (रिसेप्टर) उगवतो. तो सीडी-१९ ही खूण ओळखतो आणि ही खूण बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, कर्करोग झालेल्या बी पेशींवरही.

यानंतरचं काम संयमाचं. अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानात, पोषक द्रवात पेशी वाढत राहतात. आठ-दहा दिवसांत त्यांची संख्या कोट्यवधींवर जाते. त्यात जंतू शिरलेले नाहीत ना, पुरेशा पेशींवर 'कार' उगवला आहे ना, हे तपासूनच त्या गोठवतात. पिशवीवर एकाच माणसाची ओळख असते. ती पिशवी दुसऱ्याला चालत नाही. ठरलेल्या दिवशी आधी थोडी किमोथेरपी, मग सलाईनसारखी ती पिशवी लावली जाते.

अमेरिकेत २०१२ साली एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी मिळाल्या आणि तिचा रक्ताचा कर्करोग हटला. पण तिथला खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात. तो इथल्या किती कुटुंबांना झेपणार? पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटानं आणि टाटा मेमोरिअलच्या हसमुख जैन, गौरव नरुला या डॉक्टरांनी देशातच हे तंत्र उभं केलं. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. 'नेक्सकार१९' या नावानं या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. जनुक वाहून नेणारा विषाणूही इथंच बनवल्यामुळे खर्च तीस-चाळीस लाखांवर आला. शेतकरी कुटुंबाला तोही डोंगरच, हे मान्य करायलाच हवं.

उपचार सोपाही नाही. पेशी कामाला लागल्या की सडकून ताप येतो, रक्तदाब उतरू शकतो; म्हणून रुग्णाला काही दिवस डॉक्टरांच्या नजरेसमोरच ठेवतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत ७३ टक्के रुग्णांना गुण आला, तरी काहींचा आजार पुन्हा उलटला.

मराठवाड्यात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग फार. त्याला ही पेशी उपयोगाची नाही, कारण त्या गाठीवर सीडी-१९ ही खूणच नसते. घट्ट गाठींसाठी दुसऱ्या खुणांचा शोध जगभर सुरू आहे. आज हा उपचार आहे तो बी पेशींच्या ल्युकेमियासाठी आणि लिम्फोमासाठी, आणि तोही आधीची औषधं हरल्यावर. त्यात एक पेच आहे. किमोथेरपीच्या बऱ्याच फेऱ्या झालेल्या रुग्णाच्या टी पेशी थकलेल्या असतात, प्रयोगशाळेत त्या नीट वाढत नाहीत. आजार दुसऱ्यांदा उलटल्याचं दिसताच इथल्या डॉक्टरांनी मुंबईला फाइल पाठवली, तर पेशी धडधाकट असतानाच काढून घेता येतात.