एंजिनाचा जीर्णोद्धार

वर्षानुवर्षे रुळांवर राबलेले एंजिन थकले म्हणजे त्याचे पुढे काय होते? 'ते मोडीत काढतात,' असे तुम्ही चटकन म्हणाल. परंतु पुष्कळ एंजिनांच्या वाट्याला तत्पूर्वी एक नवे आयुष्य येते.

१९६२ साली अमेरिकेहून डब्ल्यू.डी.एम.-२ या जातीची डिझेल एंजिने भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीस तयार होऊ लागली. त्यांना सोळा सिलिंडर असत व त्यांची शक्ती २६०० अश्वशक्ती असे. अशा एंजिनाचे आयुष्य सुमारे ३६ वर्षांचे धरीत. निम्मे आयुष्य सरले, की त्याची संपूर्ण पुनर्बांधणी करीत. १९८१ साली पंजाबात पतियाळा येथे स्थापन झालेला कारखाना या कामासाठी प्रसिद्धीस आला.

तेथे प्रथम एंजिनाचा भाग न् भाग सुटा करून धूत. मग सुरू होई खरी परीक्षा. बाजारात मडके घेताना आजी ते बोटांनी वाजवून पाहते. तडा गेलेले मडके बद्द वाजते. चाकांच्या आसांचीही परीक्षा अशीच, परंतु कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी करतात. आसाच्या पोटात तडा असला, तर लहर तेथूनच परत फिरते. एवढी काळजी कशासाठी? धावत्या गाडीचा आस मोडला, तर शेकडो प्रवाशांच्या प्राणांवर बेतते. म्हणून सदोष भाग कितीही मौल्यवान असला तरी तो बाद करतात.

भक्कम सांगाडा मात्र डागडुजी करून ठेवीत. डिझेल एंजिन वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. म्हणून जुन्या तारा काढून नव्या घालीत. सिलिंडरांत अधिक हवा लोटणारे सुधारलेले यंत्र बसवीत. अधिक हवेमुळे अधिक तेल जळते व शक्ती वाढते. अशा रीतीने कित्येक एंजिने ३१०० अश्वशक्तीची झाली. शेवटी एंजिन जागच्या जागी पूर्ण शक्तीने चालवून पाहत आणि मगच त्याला रुळांवर धाडीत.

पुढे देशभर लोहमार्गांवर विजेच्या तारा आल्या आणि चांगली डिझेल एंजिनेही निरुपयोगी होण्याची वेळ आली. तेव्हा २०१८ साली वाराणसीच्या कारागिरांनी दोन डिझेल एंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे एक विजेचे जोड-एंजिन घडविले. त्या कामाला केवळ ६९ दिवस लागले.

मुलांनो, जुन्या वस्तूचा सांगाडा राखावा आणि तडा गेलेला आस निष्ठुरपणे टाकून द्यावा, ही या कारखान्यांची रीत होती. काय राखावे व काय टाकावे हे पारखण्यास मात्र ज्ञान हवे आणि डोळ्यांत तेल घालून काम करण्याची वृत्ती हवी.