प्रोग्रामर स्वतःचें संकेतस्थळ कां ठेवितो?

गेल्या दिवाळीच्या सुटींत शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह मला भेटावयास आला होता. तो आतां एका कचेरींत प्रोग्रामरचें, म्हणजे संगणकानें काय करावें हें रीतसर आज्ञा लिहून त्यास समजावून देण्याचें, काम करितो. मोठ्या हौसेनें त्यानें स्वतःचें संकेतस्थळ दाखविलें. त्यावर त्याचें नांव, कांहीं टिपणें व दोनचार लहान आज्ञावल्या होत्या. वडील मात्र म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या कंपन्या फुकट जागा देत असतां यानें दरसाल पैसे भरून आपली निराळी चूल कां मांडावी?" प्रश्न व्यवहाराचा होता, व मुलगा नुसता हंसला. त्याच्या वतीनें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

संकेतस्थळ म्हणजे कोठें तरी अहोरात्र चालू असलेल्या संगणकावर ठेविलेल्या कांहीं फाइली, आणि त्यांच्याकडे नेणारा एक पत्ता. ही युक्ति टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांची. जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत असतांना त्यांनीं १९८९ च्या मार्चमध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें मांडिली, व १९९० च्या अखेरीस पहिलें संकेतस्थळ चालू केलें. ज्या संगणकावर तें होतें त्यावर, हें यंत्र बंद करूं नये, अशी हातानें लिहिलेली चिठ्ठी डकविलेली असे. कोणीं सहज बटण दाबलें असतें तर त्या वेळचें सारें वेबच विझलें असतें! ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. म्हणून आजही असें पान मांडण्यास तिच्या जनकाची किंवा सर्नची परवानगी काढावी लागत नाहीं.

परवानगी लागत नसली तरी जागा लागते, आणि येथेंच फुकटाचा मोह पडतो. अमेरिकेंत १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीज या कंपनीनें लोकांस अशी जागा वांटली. शहरांत पेठा वसवाव्या तशा तिनें विषयवार वस्त्या पाडल्या होत्या, आणि हौशी लोकांनीं तेथें आपापलीं पानें रचलीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती विकत घेऊन नव्या अटी लाविल्या. रहिवाशांच्या लिखाणावर कंपनीचाच हक्क चालावा असा त्यांचा अर्थ निघत होता. मोठा गिल्ला झाला, तेव्हां त्या मागें घ्याव्या लागल्या. पुढें २००९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील ती सारी वसाहतच मोडण्यांत आली. कांहीं स्वयंसेवकांनीं खपून जमेल तेवढ्या पानांच्या प्रती तेवढ्या काढून घेतल्या. आपल्याकडील तरुणांच्या ज्यावर उड्या पडत तें ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद पडलें.

याची झळ मलाही लागली आहे. अशाच एका फुकट जागेवर (कंपनीचें नांव कशास घ्यावें?) मी पांच वर्षें वर्गांतील मुलांचे निवडक निबंध ठेवीत होतें. जागा बंद होणार असल्याची सूचना मीं वापरणें सोडलेल्या जुन्या ई-मेलवर आली, व मला कळलें तेव्हां मुदत उलटून गेली होती. त्यांत एका मुलानें आपल्या आजोबांबरोबर होडींतून केलेल्या प्रवासाची हकीकत लिहिली होती. आजोबा आतां नाहींत, व मुलाजवळही दुसरी प्रत नाहीं. प्रत न ठेवण्याचा दोष माझा, हें कबूल केलेंच पाहिजे.

कोणी चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल कीं, संकेतस्थळ तरी कोठें स्वतःचें असतें? पत्त्याचें नांव मुदतीच्या करारानें घ्यावें लागतें, आणि संगणकही बहुधा भाड्याचाच. शंका रास्त आहे. परंतु मूळ फाइली आपल्या हातीं असतात. जागेच्या मालकाशीं पटलें नाहीं तर त्या उचलून दुसरीकडे नेतां येतात, आणि नांव तेंच राहिल्यानें बिऱ्हाड हललें हें वाचकास कळतही नाहीं. एकदां दिलेला पत्ता बदलूं नये असा आग्रह बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालीं एका लेखांत धरिला होता. सर्ननें २०१३ सालीं तें पहिलें संकेतस्थळ पुन्हां मूळच्याच पत्त्यावर उभें केलें. तीं पानें आजच्या यंत्रावरही वाचतां येतात, कारण तीं साध्या अक्षरांत लिहिलेलीं आहेत. मथळा कोणता, परिच्छेद कोठें सुरू होतो, एवढ्याच खुणा त्यांत असतात, व त्या हातानें लिहिणें प्रोग्रामरास मुळींच जड नाहीं.

भाड्याचा हिशेब बाजूस ठेविला तरी आणखी एक कारण उरतें, व माझ्या मतें तें अधिक मोलाचें आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक डोनल्ड कनूथ यांच्या, आज्ञावली लिहिण्याच्या कलेवरील महाग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला. अभ्यासांत व्यत्यय नको म्हणून १ जानेवारी १९९० पासून त्यांनीं ई-मेल वापरणें सोडलें. पण त्यांचें स्वतःचें पान आहे. जागा विद्यापीठाची, परंतु मजकूर सर्वस्वी त्यांचा. त्यावर त्यांनीं आपल्याच ग्रंथांतील चुकांच्या याद्या सर्वांसाठीं मांडून ठेविल्या आहेत! नवी चूक प्रथम दाखविणारास २ डॉलर ५६ सेंट बक्षीस असतें. (२५६ हा दोहोंचा आठवा घात, म्हणून संगणकवाल्यांचा लाडका.) पूर्वीं ते चेक पाठवीत, आणि पुष्कळ लोक तो न वटवितां जपून ठेवीत; २००८ पासून चेकऐवजीं एका काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र मिळूं लागलें.

छापील चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. पानावरील चूक त्याच दिवशीं दुरुस्त होते. आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणांखालींही अशा दोन दुरुस्त्या तारखेसह नोंदलेल्या होत्या. कचेरींत त्यानें लिहिलेली आज्ञावली कचेरीच्या मालकीची असते, व ती बाहेर दाखवितां येत नाहीं. स्वतःच्या पानावर मात्र काय शिकलों व कोठें चुकलों हें तो आपल्या नांवानिशीं सांगूं शकतो. वडिलांनीं त्या दुरुस्त्या दोनदां वाचल्या, आणि पैशांची गोष्ट पुन्हां काढिली नाहीं.

ज्या पालकांचीं मुलें असें पान मांडूं म्हणतील त्यांनीं घरचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक व घरच्यांचीं छायाचित्रें त्यावर घालूं देऊं नयेत, आणि सर्व फाइलींची प्रत निदान दोन ठिकाणीं ठेवावयास लावावी. माझ्या कपाटांत जुन्या निबंधांपैकीं सहांचीं हस्तलिखितें सांपडलीं. तीं मीं पुन्हां उतरून ठेविलीं आहेत. होडीच्या प्रवासाचा निबंध त्यांत नाहीं. त्या वर्गांतील कोणाजवळ त्याची प्रत असल्यास कृपा करून ती शाळेच्या कचेरींत पोंचवावी.