भोग आणि हेतू

मराठी माणूस दुःखाविषयी बोलू लागला की 'भोग' हा शब्द त्याच्या ओठांवर सहज येतो. हा शब्द मागे पाहणारा आहे. आज जे वाट्याला आले त्याचे मूळ केव्हातरी घडलेल्या कर्मात आहे, आणि ते भोगून झाले की सरेल, असा त्याचा आशय. ख्रिस्ती मनुष्य आपल्या दुःखात ईश्वरी हेतू शोधतो असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या शोधाची दिशा उलट असते. गंमत अशी की, न्यायशास्त्राच्या परिभाषेत 'हेतू' म्हणजे कारणच. मराठीने मात्र त्या शब्दाला उद्देशाचा अर्थ दिला. मागे पाहणारा आणि पुढे पाहणारा असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदल्यामुळे ह्या विषयात पुष्कळ घोटाळा होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हा घोटाळा प्रत्यक्षच मांडलेला आहे. एक जन्मांध मनुष्य दिसताच शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? कर्मविपाकाच्या कल्पनेत वाढलेल्या कोणाही वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि ईश्वराचे कार्य ह्या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे, एवढेच सांगतो. मूळ ग्रीकमध्ये शिष्यांच्या प्रश्नात आणि येशूच्या उत्तरात 'हिना' हे एकच अव्यय आले आहे. प्रश्नात ते पापाचा परिणाम दाखविते, उत्तरात उद्देश. मराठी भाषांतरकाराच्या हाती ह्या ठिकाणी 'म्हणून' हा शब्द येतो, आणि तोही तसाच दुतोंडी आहे: 'पाप केले म्हणून' ह्यात कारण, 'प्रकट व्हावे म्हणून' ह्यात उद्देश. फरक आहे तो केवळ क्रियापदाच्या रूपात. एवढ्याशा प्रत्ययावर एक संपूर्ण जीवनदृष्टी तोललेली असावी, हे भाषांतराच्या व्यवसायात नवे नाही.

तथापि उद्देश आहे असे म्हणणे निराळे आणि तो आपल्याला ठाऊक आहे असे म्हणणे निराळे. हा भेद ईयोबाच्या ग्रंथाइतक्या कठोरपणे अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल. त्याची रचनाच पाहावी. आरंभी व शेवटी गद्य कथा, मध्ये दीर्घ पद्य. आरंभीच्या गद्यात स्वर्गातील दरबार आहे. सैतान ईयोबाच्या निष्ठेविषयी शंका घेतो आणि तिची परीक्षा ठरते. हे वाचकाला कळते. ईयोबाला ते अखेरपर्यंत कळत नाही, कोणी कळवीतही नाही. त्याचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने भुईवर बसतात, आणि जोवर ते मुके आहेत तोवर त्यांच्याइतके चांगले सोबती नाहीत. बोलू लागताच त्यांचे पांडित्य सुरू होते: तू काही केले असशील, देव अन्यायी नाही, हे दुःख तुझ्या शुद्धीसाठी आहे. ह्यांतील एकेक वाक्य सुटे घेतले तर धार्मिक वाटावे असे आहे. परंतु ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ह्या मित्रांवर. देवाशी भांडणारा ईयोबच खरे बोलला, असा निर्वाळा मिळतो. ईयोबाला मिळते ते दर्शन, कारणमीमांसा नव्हे. शेवटी त्याची मेंढरे 7,000 ची 14,000 होतात, उंट 3,000 चे 6,000. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेल्या मुलांची भरपाई दुपटीच्या हिशेबात बसत नाही, हे त्या प्राचीन कथाकाराला ठाऊक असावे.

पौलाची साक्ष ह्याहून निराळी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख करतो. तो काटा कोणता, हे तो सांगत नाही. काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि ती नाकारली गेली, हे मात्र सांगतो. आपण गर्वाने फुगू नये, एवढ्यासाठी तो आहे असा अर्थ त्याने लावला. हा अर्थ त्याने स्वतःच्या काट्याला लावला आहे, शेजाऱ्याच्या नव्हे. मित्रांचे तत्त्वज्ञान आणि पौलाचा अनुभव ह्यांत शब्द कित्येकदा सारखेच असतात. बदलतो तो बोलणारा. ईश्वरी हेतूची भाषा प्रथमपुरुषी आहे. ती द्वितीयपुरुषी झाली की सांत्वनाचा आरोप होतो. शोकाकुल घरात 'देवाची इच्छा' हे शब्द घेऊन शिरणाऱ्या भल्या माणसांना हे व्याकरण सहसा शिकविलेले नसते.

मराठीत ह्या भाषेचे सर्वांत खडतर उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे जीवन. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. त्या वेळच्या आपल्या इंग्रजी लेखनात त्यांनी स्वतःची उपासमार आठवली आहे. जिने ती भूक सोसली होती तिला त्या मुलींकडे पाठ फिरविता आली नाही. पण ह्यावरून आईबाप त्यासाठीच उपाशी मेले असे म्हणणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीला जाऊन बसणे होय. हेतू, म्हणावयाचाच तर, त्यांनी त्या भुकेतून पुढे काय केले त्यात दिसतो.

प्रचलित मराठी बायबलात हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेले शब्द फार आहेत, अशी रमाबाईंची तक्रार होती. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून नवे भाषांतर हाती घेतले. ते काम सुमारे अठरा वर्षे चालले. त्या अवधीतच, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, आणि त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.