नालबंदाची जत्रा

पहाटे ५
घोडे खिंकाळायला लागले की गोधडी बाजूला सारतो. धानोऱ्याहून सारंगखेड्याला निघताना ही गोधडी आणि वडिलांची हातोडी कधी विसरत नाही. मार्गशीर्षातली तापीकाठची थंडी हाडांत शिरते. चहा उकळेपर्यंत शेजारच्या राहुटीत मोतद्दारांचा खरारा सुरू झालेला असतो.

सकाळी ६.३०
एकमुखी दत्ताचं दर्शन. दत्तजयंतीची ही यात्रा. नवस फेडणारे गुळाची तुला करतात. परतताना माझी नजर आपसूक घोड्यांच्या पायांवर जाते. कोण पाय चोरतोय, कुणाचा नाल सैल वाजतोय, तेवढ्या वाटेत कळतं.

सकाळी ८
पहिलं काम मारवाडी घोडीचं. रंग कुमैत, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली. मालक कार्तिकात पुष्करला होते, आता इथे आलेत. वाळवंटातल्या त्या जत्रेनंतर महिन्याभरात आमची भरते.

मोतद्दार तोंड धरतो, मी पाय मांडीवर घेतो. जुना नाल पकडीने सोडवायचा, वाढलेला खूर छाटायचा, कानशीने सपाट करायचा. मग नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाचा करायचा. नालासाठी खूर कापायचा नाही, ही वडिलांची पहिली शिकवण. खिळा खुराच्या बाहेरच्या कडेतच जातो. तो भाग आपल्या नखासारखा, दुखत नाही. ठोका टणक वाजतोय तोवर ठीक. बद्द वाजला की खिळा आत वळला, लगेच उपसायचा. टोक बाहेर आलं की मुरडून तोडायचं आणि दाबून बसवायचं.

दुपारी १
कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. समोर सौदे चाललेत. कुणी मानेवरचा शुभ भोवरा, देवमण शोधतं, कुणी चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याण मागतं, कुणी दात बघून वय ठरवतं. मला विचारलं तर एकच सांगतो, ‘दादा, आधी टणक जमिनीवर चालवून बघा.’

दुपारी ३
शर्यतीचा नुकरा, पांढरा घोडा, आला. पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. खुरावर हात ठेवला, तर बाकी तिन्हींपेक्षा गरम.

‘नाल बदला, संध्याकाळी पळवायचाय,’ मालक म्हणाला.

‘भाऊ, आज पळवू नका. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.’

तो रागावून गेला. मजुरी बुडाली, तरी हातोडी उचलवली नाही. दुखणं नालाखाली झाकायला वडिलांनी शिकवलं नाही.

संध्याकाळी ७
चेतक महोत्सवाचे दिवे लागतात. हळदीघाटीत, १५७६ साली, जखमी पायाने धन्याला वाचवणाऱ्या चेतकचं हे नाव. रिंगणात ढोल वाजतो आणि सकाळची कुमैत घोडी नाचायला उतरते. लोक तिची मान बघतात, झूल बघतात. मी डोळे मिटून ऐकतो. ढोल थांबल्यावर ती रिंगणातून निघते, तेव्हा चारही पाय सारखे वाजत असतात.

रात्री १०
हत्यारं पुसून तेल लावतो. पडलेले खिळे एकेक करून वेचतो. उद्या कुणाच्या खुरात जायला नकोत. झोपण्याआधी कंदील घेऊन नुकऱ्याच्या राहुटीकडे जातो. डॉक्टर येऊन गेलेत. पायाला ओलं फडकं गुंडाळलंय आणि शेजारी मालक जागा बसलाय. काही न बोलता तो बसायला जागा करून देतो.